'शुझूझ' आणि 'मिस्लिय्या' : अरबी भाषेतील समलिंगी प्रेमाच्या शब्दांचा इतिहास

ऑगस्ट २०२३ मध्ये इराकच्या प्रसारमाध्यम आयोगाने देशातील वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी इत्यादी सर्व माध्यमांस उद्देशून एक आज्ञापत्र काढले. समलिंगी अनुराग या अर्थी रूढ होत चाललेला 'मिस्लिय्या जिन्सिय्या' हा शब्दप्रयोग यापुढे करावयाचा नाही, त्याच्या जागी 'शुझूझ जिन्सी' म्हणजे लैंगिक विकृती असेच म्हणावयाचे, आणि 'जेंडर' हा शब्द तर मुळीच योजावयाचा नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पुढील वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, तेथील विधिमंडळाने अशा संबंधांसाठी १० ते १५ वर्षांच्या कारावासाची तरतूद केली. आधी शब्द गेला व मागून शिक्षा आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अशा आज्ञांच्या मुळाशी बहुधा एक समजूत असते. मिस्लिय्या हा पाश्चात्त्यांकडून आलेला उपरा शब्द व शुझूझ हा परंपरेने दिलेला घरचा शब्द, अशी ती समजूत होय. भाषेच्या इतिहासात तिला आधार सापडत नाही. हे दोन्ही शब्द लैंगिक अर्थाने विसाव्या शतकात घडले, दोन्हींचा जन्म युरोपीय मानसशास्त्राच्या अनुवादातून झाला, आणि त्यांच्या आधी अरबी भाषेत या विषयाचा जो विपुल शब्दसंभार होता त्यात या दोहोंपैकी एकालाही स्थान नव्हते. ज्या बगदाद नगरातून हे आज्ञापत्र निघाले तेथेच तैग्रिस नदीच्या काठच्या एका रस्त्याला अबू नुवासचे नाव आहे, आणि त्या रस्त्यावर इस्माईल फत्ताह अल-तुर्क यांनी १९७२ साली घडविलेला त्या कवीचा पुतळाही आहे. या इतिहासाचा आरंभ त्या कवीपासून करणे सोयीचे होईल.

अल-हसन इब्न हानी हे त्याचे मूळ नाव. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या मध्यास अहवाज येथे त्याचा जन्म झाला. बाप उमय्या घराण्याच्या अखेरच्या खलिफाच्या सैन्यातील शिपाई, आई इराणी. बालपण बसऱ्यात गेले. बसरा म्हणजे त्या काळी अरबी व्याकरणाची काशी. शब्दशास्त्र व प्राचीन काव्य यांचे पाठ त्याने तेथील खलफ अल-अहमर याच्यासारख्या पंडितांपाशी घेतले, आणि शुद्ध अरबी कानावर पडावी म्हणून काही काळ बदाऊनी टोळ्यांतही घालविला असे चरित्रकार सांगतात. पुढे तो बगदादला आला, हारून अल-रशीदच्या राजवटीत कधी मान तर कधी तुरुंग भोगून राहिला, आणि ८०९ ते ८१३ या काळात खलिफा अल-अमीनच्या मैफिलीतला सोबती झाला. ८१४च्या सुमारास त्याचा अंत झाला. तो जितका मद्याचा कवी तितकाच भाषेचा पंडित होता. नवव्या शतकातील गद्यकार अल-जाहिझ याने त्याच्या भाषाज्ञानाची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे.

त्याच्या कवितेचे संकलन दहाव्या शतकात झाले. अल-सूली व हमझा अल-इस्फहानी या दोन संकलकांच्या प्रती विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांनी काव्याची विषयवार प्रकरणे पाडली : स्तुती, निंदा, विलाप, मृगया, मद्य, वैराग्य इत्यादी. प्रेमकवितेपाशी आल्यावर मात्र दोन निराळे विभाग करणे त्यांना भाग पडले. स्त्रियांवरील कविता ती 'मुअन्नसात' आणि पुरुषांवरील ती 'मुझक्करात'. हे दोन्ही शब्द व्याकरणाचे आहेत. मुअन्नस म्हणजे स्त्रीलिंगी, मुझक्कर म्हणजे पुल्लिंगी. संकलकांनी या विभागाला पापाचे नाव दिले नाही की रोगाचे नाव दिले नाही. नामांचे वर्गीकरण करावे तसे त्यांनी प्रियपात्राच्या लिंगावरून कवितांचे वर्गीकरण केले, आणि दुसरा विभाग कोठे लपविलाही नाही.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. अरबी प्रेमकाव्यात स्त्रीलाही पुल्लिंगी सर्वनामाने संबोधण्याचा संकेत आहे. कुलीन स्त्रीचा उल्लेख उघड होऊ नये हा त्यामागील हेतू. आजही अरबी गायक प्रेयसीला उद्देशून 'हबीबी' हे पुल्लिंगी रूपच आळवितो. तेव्हा केवळ सर्वनामावरून प्रियपात्र पुरुष होते असे ठरविता येत नाही. जुने संकलक हे जाणून होते. गालावर फुटू लागलेल्या लवेचे वर्णन आले की निर्णय होत असे, आणि ती लव हा शेकडो वर्षे कवींचा आवडता विषय होऊन राहिला. उलट दिशेचा खेळही दरबारात चाले. अल-अमीनची आई झुबैदा हिने दासींना मुलांचा वेष देऊन, केस आखूड राखून दरबारात आणल्याचे इतिहासकार अल-मसऊदी सांगतो. या दासींना 'गुलामिय्यात' म्हणत. गुलाम या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कुमार, तरणा मुलगा, आणि त्यावरून सेवक. मराठीत तो दास या एकाच अर्थाने स्थिरावला व पत्त्यांच्या डावात जाऊन बसला. पण या अर्थांतराने एक अप्रिय सत्यही सूचित होते. अबू नुवासच्या मैफिलीत पेला भरणारा तो कुमार बहुधा खरोखरच परतंत्र होता, वयाने लहान होता, आणि त्याची इच्छा काय हे त्या कवितेत कोणी विचारीत नाही. या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

कवींच्या बाहेर, शास्त्रकारांपाशी वेगळे शब्द होते. धर्मशास्त्री 'लिवात' म्हणत. लूत या प्रेषिताच्या लोकांच्या कथेवरून साधलेला हा शब्द एका विशिष्ट कृत्याचा वाचक होता व ते कृत्य दंडार्ह होते. वैद्य 'उब्ना' म्हणत, ती पुरुषाने स्त्रीची भूमिका घेण्याची इच्छा, आणि तिला ते व्याधी मानीत. तिसरा शब्द 'मुखन्नस'. स्त्रीप्रमाणे बोलणारा, चालणारा पुरुष असा त्याचा अर्थ. मदिनेतील आरंभीच्या गायकांत असे अनेक होते. त्यांपैकी तुवैस व अल-दलाल यांच्या हकीकती अबुल फरज अल-इस्फहानीच्या 'किताब अल-अगानी' या प्रचंड ग्रंथात आल्या असून तेथील गायनकलेच्या घडणीत त्यांचे स्थान मोठे आहे. मुखन्नस शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ मुडपणे, दुमडणे असा आहे, आणि पखालीचे तोंड बाहेर मुडपण्याच्या क्रियेस तोच धातू लागतो असे कोशकार नोंदवितात. असे कोश रचणाऱ्यांतला अग्रणी इब्न मंझूर. चौदाव्या शतकाच्या आरंभी तो वारला. त्याचा 'लिसान अल-अरब' हा कोश आजही प्रमाण मानला जातो, आणि त्याच इब्न मंझूरने अबू नुवासच्या आख्यायिकांचा एक स्वतंत्र संग्रहही सिद्ध केला होता. कोशकार म्हणून त्याची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही.

स्त्रियांच्या परस्पर प्रेमाविषयीची सामग्री फार तोकडी आहे, आणि जी आहे ती बहुतेक पुरुषांच्या लेखणीतून उतरलेली. तेराव्या शतकातील अहमद अल-तिफाशी (मृत्यू १२५३) याने आपल्या 'नुझहत अल-अल्बाब' या ग्रंथात त्यावर एक प्रकरण लिहिले. त्याहून हृदयस्पर्शी पुरावा इब्न अल-नदीमच्या 'फिहरिस्त' या ९८७ सालच्या ग्रंथसूचीत आहे. त्या काळी बगदादच्या बाजारात मिळणाऱ्या प्रेमकथांच्या याद्या तो देतो. त्यांत काही नावे जोडीने येतात आणि दोन्ही नावे स्त्रियांची असतात. उदाहरणार्थ रैहाना आणि करनफुल. रैहाना म्हणजे सुगंधी वनस्पती, करनफुल म्हणजे लवंग. या स्त्रियांच्या परस्पर प्रेमाच्या कथा असाव्यात असे काही अभ्यासक मानतात. कथा नष्ट झाल्या आहेत. राहिली ती दोन नावे आणि त्यांमधील 'व'.

या सर्व शब्दांत एक समान उणीव आहे, किंवा तिला उणीव म्हणणे आधुनिकांच्या सवयीचे असेल. कृत्याला शब्द आहे, व्याधीला आहे, वेषभूषेला व स्वभावाला आहे, प्रेमकवितेच्या प्रकाराला आहे. परंतु या सर्वांना एकत्र बांधून 'अमुक प्रकारचा मनुष्य' असे म्हणणारा शब्द नाही. खालिद अल-रुवैहिब यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १५०० ते १८०० या काळातील अरबी वाङ्मय तपासून हीच गोष्ट दाखवून दिली. कृत्याची घोर निंदा करणारा काझी स्वतः एखाद्या सुंदर तरुणावर निरागस म्हणविलेले गझल रची, आणि त्यात त्याला किंवा त्याच्या समकालीनांना विसंगती जाणवत नसे, कारण त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टी एकच नव्हत्या. तेव्हा अबू नुवास हा आजच्या अर्थाने समलिंगी होता हे विधान जितके सैल, तितकेच अरबांच्या परंपरेत असे काही नव्हतेच हे विधानही निराधार होय.

या स्थितीत पालट कधी पडला? त्याचा एक अत्यंत बोलका साक्षीदार उपलब्ध आहे. इजिप्तच्या राज्यकर्त्याने १८२६ साली पॅरिसला विद्यार्थ्यांचे एक पथक पाठविले. त्या पथकाचा इमाम म्हणून रिफाआ अल-तहतावी हा अझहर विद्यापीठाचा तरुण पदवीधर सोबत गेला. पाच वर्षे तेथे राहून, फ्रेंच शिकून तो परतला, आणि १८३४ साली त्याचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले. फ्रेंचांच्या गुणांची गणना करताना तो म्हणतो की, कुमारांवर प्रेम करणे व त्यांच्यावर काव्य रचणे त्यांना रुचत नाही. इतके सांगून तो भाषेकडे वळतो. पुरुषाने मुलावर प्रेम केले असे वाक्य फ्रेंचमध्ये खपत नाही, म्हणून अरबी ग्रंथाचा अनुवाद करताना ते मुलाच्या जागी मुलगी घालतात अथवा 'व्यक्ती' असा मोघम शब्द योजून सुटका करून घेतात, असे तो नोंदवितो.

तहतावीची ही टिपणी वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते. तो पुढे स्वतः भाषांतरविद्यालयाचा प्रमुख झाला आणि आधुनिक अरबी अनुवादाच्या परंपरेचा जनक ठरला. फ्रेंच अनुवादकांनी अरबी सर्वनामाचे लिंग बदलल्याचे त्याने चोखपणे हेरले, परंतु हा लबाडीचा अनुवाद आहे अशी तक्रार केली नाही. उलट त्यांचे कौतुक केले. आपल्या काव्याकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहून ओशाळल्याचा इतका स्वच्छ लेखी पुरावा क्वचितच मिळेल. हा अनुभव एकट्या अरबांचा नाही. उर्दू गझलेतील पुल्लिंगी प्रियपात्राविरुद्ध अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ साली आपल्या काव्यविषयक प्रस्तावनेत असाच आक्षेप घेतला होता.

यानंतर मुद्रणाचे युग आले. १८६१ साली आल्वार्ट या जर्मन पंडिताने अबू नुवासची मद्यगीते छापली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दीवान अरब जगात मोकळेपणाने वाचला जात होता. १९३२ साली मात्र कैरोत त्याची कात्री लावलेली आवृत्ती निघाली, आणि शालेय पुस्तकांतून तर कवीचे मद्य व त्याचे वैराग्य एवढेच उरले. संपूर्ण दीवान पाठभेदांसह सिद्ध करण्याचे काम एवाल्ड वाग्नर या जर्मन पंडिताने हाती घेतले व त्याचा पहिला खंड १९५८ साली प्रसिद्ध झाला.

याच अर्धशतकात ते दोन वादग्रस्त शब्द घडले. त्यांतील सामाईक घटक 'जिन्स' प्रथम पाहावा. हा शब्द ग्रीक 'गेनोस' वरून प्राचीन काळीच अरबीत आला. तर्कशास्त्रात त्याचा अर्थ जाती, प्रकार, सामान्य. फार्सीच्या वाटेने तो मराठीतही आला, आणि 'जिन्नस' या शब्दात त्याचा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. किराणा दुकानात चार जिन्नस मागणाऱ्या गृहिणीस त्यात काही लैंगिक आहे हे सांगूनही पटणार नाही. अरबीत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय 'सेक्स' या कल्पनेसाठी शब्द हवा झाला तेव्हा हाच जिन्स कामास लावला गेला. जोसेफ मसाद यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात या अर्थांतराची विस्तृत चर्चा केली आहे.

आता 'शुझूझ'. युरोपीय मानसशास्त्रातील विकृती या संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून 'शुझूझ जिन्सी' हा जोड बनविण्यात आला. परंतु 'शाझ' हा शब्द त्याआधी हजार वर्षे व्याकरणकारांच्या घरी नांदत होता. नियमाला धरून नसलेले रूप ते शाझ. दहाव्या शतकातील थोर भाषाशास्त्रज्ञ इब्न जिन्नी (मृत्यू १००२) याने 'अल-खसाइस' या ग्रंथात त्याचा सूक्ष्म विचार केला आहे. एखादे रूप नियमाने सिद्ध होते की नाही हा एक प्रश्न, आणि ते प्रत्यक्ष वापरात आहे की नाही हा दुसरा. या दोहोंच्या मेळातून त्याने चार वर्ग पाडले. त्यांतील एक वर्ग नियमाविरुद्ध पण वापरात रूढ अशा रूपांचा. 'इस्तहवझ' हे त्याचे नेहमीचे उदाहरण, आणि ते रूप खुद्द कुराणात आहे. अशा रूपाविषयी इब्न जिन्नीचा निर्णय असा की, ते जसे ऐकले तसेच स्वीकारावे, नियमासाठी त्याची दुरुस्ती करू नये. मात्र त्यावरून नवी रूपे बनवू नयेत. ज्या शब्दाच्या शास्त्रीय व्याख्येत इतके औदार्य सामावलेले होते, तोच शब्द युरोपीय रोगकल्पनेचे ओझे घेऊन आज शिवी म्हणून वापरला जातो, आणि तोही परंपरेच्या नावाने.

'मिस्लिय्या' हा त्याचाच धाकटा भाऊ. मिस्ल म्हणजे सदृश. 'होमोसेक्शुअल' या संयुक्त शब्दाचे अवयवशः भाषांतर करून, मनोविश्लेषणाच्या ग्रंथांच्या अनुवादांतून तो रूढ झाला. मराठीतील 'समलिंगी' हा शब्दही नेमक्या त्याच साच्याचा आहे. दोन्ही शब्द आले ते वैद्यकाच्या दारातून. १९५३ साली मुहम्मद अल-नुवैही यांनी अबू नुवासच्या मनोरचनेवर एक सबंध पुस्तक लिहिले, आणि अब्बास महमूद अल-अक्काद यांनीही त्याच दशकात कवीला मानसशास्त्राच्या तक्क्यावर निजविले. जुन्या संकलकांनी कवितांचे वर्ग केले होते, नव्यांनी कवीचे निदान केले. फरक पडला तो एवढाच की मिस्लिय्या हा निदान निंदाव्यंजक नव्हता, आणि म्हणून पुढच्या पिढीला तो स्वतःसाठी उचलता आला. बैरूत येथे २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या नावाच्या आद्याक्षरांतून 'हिल्म' हा शब्द साधला, त्या नावात मिस्ली हा शब्द आहे. हिल्म म्हणजे स्वप्न.

ललित वाङ्मयात या मंडळींचा प्रवेश आधी पात्र म्हणून झाला, बोलणारे म्हणून नव्हे. नजीब महफूझ यांच्या १९४७ सालच्या 'झुकाक अल-मिदक' या कादंबरीतील उपाहारगृहाचा मालक किर्शा हा अशा पात्रांचा पूर्वज. गल्लीला त्याचे व्यसन ठाऊक आहे, बायको त्यावरून भांडते, पण त्याच्या मनात डोकावण्याची गरज कोणास भासत नाही. मनात शिरण्याचे काम हुदा बरकात यांनी १९९० सालच्या 'हजर अल-दहिक' मध्ये केले. लेबनॉनच्या यादवीत घरात कोंडून घेतलेला खलील हा तिचा नायक. पुरुषांवर जीव जडणे आणि हत्यारबंद पुरुषांच्या जगात सामील न होणे ही त्याच्या ठायी एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत, आणि कादंबरीच्या शेवटी तो त्या जगात सामील होतो तेव्हा वाचकाला तो हरवलेलाच वाटतो.

स्त्रियांच्या बाबतीत शीर्षकेच पुष्कळ सांगतात. इल्हाम मन्सूर यांची २००० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी 'अना हिय अन्ति', म्हणजे मी, ती, तू. अरबीत मी या सर्वनामाला मराठीप्रमाणेच लिंग नाही, 'हिय' स्त्रीलिंगी, आणि तू ची मात्र दोन रूपे आहेत : पुरुषाला 'अन्त', स्त्रीला 'अन्ति'. स्वरचिन्हांवाचून लिहिल्यास ती दोन्ही कागदावर सारखीच दिसतात. फरक उच्चारातच कळतो. २००६ साली सबा अल-हिर्झ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सौदी लेखिकेची 'अल-आखरून' ही कादंबरी बैरूतहून निघाली. विषय स्त्रियांच्या परस्पर संबंधांचा, आणि शीर्षक, 'इतर लोक', पुल्लिंगी अनेकवचनी.

बाहेरच्या जगात या काळात काय चालले होते? जानेवारी २००१ मध्ये इजिप्तच्या सांस्कृतिक मंत्रालयाने अबू नुवासच्या कवितांच्या सुमारे ६,००० प्रती जाळावयास लावल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी ११ मे रोजी कैरोत नाईल नदीतील एका तरंगत्या नृत्यगृहावर छापा पडला आणि ५२ पुरुषांवर खटला भरण्यात आला. इजिप्तच्या दंडविधानात समलिंगी संबंधांचा नावानिशी निर्देश नाही. आरोप ठेवला गेला तो १९६१च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यातील 'फुजूर' म्हणजे दुराचार या शब्दाखाली, ज्याचा अर्थ न्यायालय ठरवील तितका रुंद होऊ शकतो. पुस्तके आणि माणसे चार महिन्यांच्या अंतराने एकाच नगरात पकडली जावीत हा योगायोग असेलही.

काहींनी भाषाच बदलली. मोरोक्कोतील सला गावचे अब्दुल्ला ताया (जन्म १९७३) फ्रेंचमध्ये लिहितात. २००९ साली त्यांनी आपल्या आईला उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र मोरोक्कोतील एका नियतकालिकात फ्रेंचमध्येच प्रसिद्ध झाले. तहतावी ज्या भाषेत अरबी वाक्य बसत नाही म्हणून तिची प्रशंसा करीत होता, त्याच भाषेत ते वाक्य आता एका अरबाने लिहिले.

अरबीत ते गाइले गेले. बैरूतमधील 'मशरूअ लैला' या वाद्यवृंदाच्या २००९ सालच्या पहिल्या संग्रहात चमेलीच्या सुगंधाचे एक गीत आहे. गायक हामिद सिन्नो आपल्या समलिंगी असण्याविषयी उघडपणे बोलणारे. गीतातील प्रियपात्र पुल्लिंगी. इतके असते तर जुन्या संकेताच्या आड ते सहज लपले असते व ऐकणाऱ्याने ती एखादी मुलगी असे मानून घेतले असते. परंतु तो प्रियकर सोडून जात आहे, त्याला आपल्या घरच्यांना भेटवावयाचे राहून गेले, त्याचा स्वयंपाक करावा, मुलांचे लाड करावेत असे मनात होते, असे सांगता सांगता गाणारा पुरुष स्वतःसाठी गृहिणी या अर्थाचा, बोलभाषेतला, स्त्रीलिंगी शब्द वापरतो. संकेताचा आडोसा तेथे संपतो. बोलीत 'व' इतक्याच सहजतेने येणारा तो घरगुती शब्द मुझक्करातील नाही आणि मुअन्नसातीलही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कैरोतील याच वृंदाच्या मैफिलीत इंद्रधनुषी ध्वज उंचावल्यावरून अनेक तरुणांना अटक झाली, २०१९ साली लेबनॉनमधील त्यांचा बिब्लॉस येथील कार्यक्रम रद्द करावा लागला, आणि २०२२ साली वृंद विसर्जित झाला. ते गीत मात्र अजून ऐकावयास मिळते.